राळेचा थेंब

थुंगने अंगाभोवतीच्या पंच्यातून किडा ठेवायचा तुंबा बाहेर काढला, त्याचं जाळीचं झाकण उघडलं आणि तो ग्वान देशुनच्या कानाशी नेला. ऐक, म्हणाला. दुपारचे बारा वाजून गेले होते. न्हाणीघराच्या बाहेरच्या दालनात आठ-दहा म्हातारे आंघोळ उरकून बाकांवर लोळत पडले होते आणि त्यातल्या निम्म्यांच्या उशाशी असेच तुंबे होते. कारण बाहेर पाणी गोठवणारी थंडी आणि आत ही उबदार वाफ, म्हणजे किड्यांना भर जानेवारीत उन्हाळा आल्यासारखं वाटतं आणि ते गायला लागतात. ग्वानने डोळे मिटून ऐकलं. त्याला पाण्याची धार ऐकू आली. पलीकडे कुणीतरी पायाची कुरुपं कापून घेत होतं, त्याचं कण्हणं ऐकू आलं. लाकडी चपलांची टपटप ऐकू आली. मग त्याने डोळे उघडून तुंब्यात पाहिलं. रातकिडा बोटाच्या पेराएवढा, काळाभोर, पुढचे दोन्ही पंख उभे करून एकमेकांवर घासत होता, इतक्या वेगाने की पंखांच्या जागी नुसता धुरकट डाग दिसत होता. तो गात होता, अगदी जीव तोडून गात होता, आणि ग्वानला काहीही ऐकू येत नव्हतं.

थुंग ग्वानच्या तोंडाकडे बघत होता. तो छापखान्यातला निवृत्त खिळेजुळारी, चाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचून त्याची नजर अधू झालेली, पण किड्यांचा शौक जबर; आणि कोऱ्या पंखाचा, म्हणजे ज्याच्या पंखावर राळेचा थेंब दिलेला नाही असा किडा पारखायचा तर तो ग्वानच्या कानाने, हे इथे ठरूनच गेलेलं होतं. ग्वान म्हणजे दक्षिण शहर नाट्यमंडळींचा पहिला जिंगहूवाला, बांबूच्या छोट्या दोनतारी सारंगीचा वादक, सव्वीस वर्षं एकाच गायिकेच्या साथीला बसलेला. त्याच्या कानापुढे कोण बोलणार? ग्वान म्हणाला, "चांगला आहे. जरा पातळ आहे, पण स्वच्छ." थुंगचा चेहरा खुलला. तेवढ्यात चहाची किटली घेऊन दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला चाललेला नोकर वैतागून म्हणाला, "ते झाकण लावा हो काका. सकाळपासून डोकं उठवलंय त्याने." थुंग हसला आणि त्याने झाकण लावलं. ग्वानही हसला. 

त्याने आपला स्वतःचा तुंबा चाचपला. तो त्याच्या गादीवर, घडी केलेल्या कोटाच्या आतल्या खिशात होता, आणि त्यातला किडा त्याला नीट ऐकू येत होता. तोच दिलासा त्याने घट्ट धरला. आपला किडा ऐकू येतो म्हणजे कान शाबूत आहे, थुंगचाच किडा काहीतरी विचित्र असणार. असं स्वतःला समजावत तो अर्धी वाटी चहा प्यायला, चार शेंगदाणे सोलले आणि ते न खाताच बशीत ठेवून दिले. मग राहवेना. त्याने सहज विचारल्यासारखं करून थुंगला विचारलं की माझा यंदाचा कसा वाटतो. थुंगने ओले केस पुसता पुसता जरा आढेवेढे घेतले. "खरं सांगू? रागावणार नाहीस? यंदा तुझा चढा आहे. थेंब हलका पडलाय. आम्ही आपसात बोललोही, म्हटलं, वय झालं की माणसाला तिखट आवडायला लागतं, तसं असेल." ग्वानने विचारलं, किती चढा? "आता मी काय तुझ्यासारखा वाजवणारा आहे? पण दरवर्षीपेक्षा चढा. चांगलाच," थुंग म्हणाला आणि पाय लांब करून आडवा झाला.

त्यानंतर ग्वान तिथे पाच मिनिटंसुद्धा थांबला नाही. बनियन उलटा घातला, तो तसाच राहू दिला, वर दोन स्वेटर, वर कापसाचा कोट, छातीशी तुंबा, खांद्याला जिंगहूची लांबट पिशवी, आणि तो सायकल काढून रस्त्याला लागला. चार वाजता मंडळींची सभा होती. एकला तो बाहेर पडला होता. मधल्या तीन तासांत काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बसून राहणं शक्य नव्हतं. छ्येनमन वेशीच्या बाजूला सायकल वळवताना मागून ट्रॉलीबस आली, ती त्याला कोपरापाशी आल्यावरच कळली, आणि ड्रायव्हरने खिडकीतून त्याच्या पूर्वजांचा उद्धार केला. बसला कर्कश भोंगा असतो. तिने तो वाजवला असणार. किती दिवस असं चाललं असेल? बायको हल्ली म्हणते की किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते तरी तुम्ही शेजारी बसलेले. तो म्हणायचा, मी सुरांचा विचार करत होतो. तिला ते खरं वाटायचं, आणि त्यालाही.

बापाची आठवण त्याला नको होती, म्हणून ती आली. त्याचा बापही जिंगहू वाजवायचा, आणि नाटकं बंद असायची त्या दिवसांत किड्यांच्या पंखांना थेंब द्यायचा. दोन्ही कामं एकाच दिव्यावर, एकाच राळेने. जिंगहूच्या बांबूच्या नळीवर राळ वितळवून तिचा थर द्यायचा, गज त्याच्यावर घासला की सुराला धार येते. आणि तीच राळ, थोडं देवदाराचं तेल आणि थोडं मेण घालून, तांब्याच्या सुईच्या टोकावर मोहरीएवढी घ्यायची आणि किड्याच्या पंखावर टेकवायची. पंख जड झाला की थरथर मंदावते आणि आवाज खाली येतो, नुसती किरकिर होती तिथे खर्ज येतो. थेंब लहान तर थोडा खाली, मोठा तर जास्त खाली. लोक याला फसवणूक म्हणत, काहीजण कला म्हणत. बापाला दोन्हीशी कर्तव्य नव्हतं. त्याची एक खाजगी रीत होती, ती त्याने कुणालाच सांगितली नाही, फक्त मुलाला, तीही मुलगा मंडळीत लागला त्या दिवशी. दर हिवाळ्याच्या तोंडाशी एक दणकट किडा घ्यायचा आणि त्याच्या पंखावर थेंबामागून थेंब देत, खरवडत, परत देत, त्याचा सूर आपल्या गवयाच्या पट्टीशी नेमका आणून ठेवायचा. मग सगळा हिवाळा तो छातीशी. थंडीत तारा उतरतात, बांबू आखडतो, बासरी खाली बोलते, कुठल्याच वाद्यावर विश्वास ठेवता येत नाही. पण छातीच्या उबेतला किडा हलत नाही. रंगमंचावर जायच्या आधी कोटात मान घालायची, ऐकायचं आणि खुंटी पिळायची. लोकांना वाटायचं, म्हातारा पुटपुटत देवाचं नाव घेतोय. "माणसाचा कान लाडावलेला असतो, त्याला आवडेल ते तो ऐकतो," बाप म्हणायचा. "किड्याला आपली पर्वा नसते. म्हणून त्याचं ऐकायचं." ग्वानने ते सव्वीस वर्षं ऐकलं होतं. बायकोलाही ठाऊक नव्हतं की तो तुंबा नुसता शौकाचा नाही.

पण थेंब कुणी दिला होता? थेंब देताना ऐकलं कुणी होतं? त्याने सायकल फुटपाथच्या कडेला घेतली आणि एका कोबीच्या ढिगाला टेकवून तो उभा राहिला. नोव्हेंबरमधली ती दुपार त्याला आता लख्ख दिसत होती. खिडकीशी टेबल, दिवा, सुई. यंदाचा किडा गुणी निघाला म्हणून तो खूश झाला होता, कारण दरवर्षी तीन-चार थेंब खरवडावे लागतात आणि यंदा पहिल्याच, एवढ्याशा थेंबाला सूर पट्टीवर येऊन बसला होता. त्याने बायकोला हाक मारून सांगितलंही होतं की हात बसलाय आता माझा. आणि आता कोबीशेजारी उभं राहून त्याला हे कळत होतं की हात बसला नव्हता, कान बसला होता. आवाजाचं वरचं टोक त्याच्या कानात शिरतच नव्हतं. जे उरलं ते त्याला पुरेसं खाली वाटलं आणि तो थांबला. किडा चढाच राहिला. त्या किड्यावरून जिंगहू लागली. जिंगहूवरून चंद्रवीणा, जिंगहूवरून दुसरी सारंगी, सगळी मंडळी त्याच्याकडून सूर घेते, कुणीही त्याच्यावर शंका घेत नाही. बासरीवाला एकदा म्हणाला होता, ग्वानदादा, माझी यंदा फारच खाली बोलते हो. आणि ग्वानने त्याला सांगितलं होतं की जरा फुंक मारून गरम कर, आळशी कुठला. सगळे हसले होते. आणि त्या चढलेल्या पट्टीवर, नोव्हेंबरपासून, आठवड्यातले सहा दिवस, त्याची सव्वीस वर्षांची गायिका शी युनफांग गात होती.

तिचा सूर पहिल्यांदा फुटला तो डिसेंबरात. नदीकाठी नवऱ्याचे कपडे धूत बसलेल्या विधवेचं पद आहे, त्यात शेवटी एक लांब तान वर जाते आणि तिथेच राहते, टाळ्या तिथेच पडतात. तिथे तिचा आवाज फाटला. बावन्न वर्षांच्या बाईचा आवाज. लोकांनी समजून घेतलं. मग परत फाटला. मग ती त्या जागेच्या आधीच श्वास चोरायला लागली, ग्वानला तो चोरटा श्वास दिसायचा आणि त्याचं काळीज तुटायचं. घरी जाऊन तो बायकोला म्हणायचा, शीबाई संपल्या गं. गळ्यासाठी नाशपातीच्या काढ्याची बाटली बायकोने पाठवली ती त्याने स्वतः नेऊन दिली होती. आणि काल मंडळींच्या प्रमुखाने त्याला एकट्याला बोलावून, सिगारेट देऊन विचारलं होतं की वसंतोत्सवाच्या खेळात कुणी गावं. शीबाईंनी की त्यांच्या शिष्येने, त्या सव्वीस वर्षांच्या पोरीने. तुम्ही म्हणाल ते मी करतो, प्रमुख म्हणाला होता, तुमच्याइतका तो गळा कुणी ओळखत नाही. आणि ग्वानने डोळ्यांत खरोखरीचं पाणी आणून सांगितलं होतं, "आवाज गेलाय. बाईंना आता विश्रांती द्या." आज चारला ते जाहीर होणार होतं.

अजून खात्री नाही, तो स्वतःशी म्हणाला. थुंगचं काय ऐकायचं, त्या खिळेजुळाऱ्याचं. त्याने सायकल वळवली आणि वाद्यांच्या दुकानात गेला, जिथे तो सहसा पाऊल टाकत नसे. काउंटरमागे लाल स्वेटर घातलेली एक मुलगी रताळं खात बसली होती. त्याने सूर लावायची शिट्टी मागितली. आयुष्यात त्याने ती कधी विकत घेतली नव्हती, उलट ज्यांच्या खिशात ती असे त्यांची तो थट्टा करायचा, यांना आई कोण हेही शिट्टी वाजवून ठरवावं लागतं म्हणायचा. मुलीने शिट्टी पुढे केली. त्याने जिंगहू काढली, मांडीवर घेतली आणि मोकळ्या तारेवर गज ओढून धरला, आणि मुलीला म्हणाला की तू याच्यावरची ही जागा फुंक. तिने फुंकली. दोन्ही सूर त्याच्या कानात शिरले आणि तिथे एकमेकांत मिसळून गेले. ते सारखे आहेत असं त्याला वाटलं. मग वाटलं, शिट्टी जरा खाली आहे. मग काहीच वाटेना. एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा त्याला दोन सुरांत निवाडा करता येत नव्हता. त्याने विचारलं, "पोरी, कुठला वर आहे?" ती थट्टा समजली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून रताळं खाली ठेवलं. "तुमचा वर आहे, आजोबा." किती? "बराच. एवढा," असं म्हणत तिने दोन बोटांत अंतर धरून दाखवलं, जसं कुणी मिठाचं प्रमाण दाखवतं, आणि वर समजूत घालावी तशी म्हणाली की थंडीने होतं असं. त्याने शिट्टी घेतली नाही, तिचे आभार मानले आणि दाराशी पायरी चुकून धडपडला.

नाट्यगृह तिथून पंधरा मिनिटांवर, त्याला पाऊण तास लागला. तो एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. तळ्याकाठी उभा राहून त्याने बर्फावर घसरगुंडी करणाऱ्या माणसांकडे बघितलं, त्यांचे आवाज येत होते, म्हणजे निदान तेवढे तरी येत होते. डोक्यात हिशेब चालू होता, आणि तो लाजिरवाणा हिशेब होता. गप्प बसलो तर काय होतं? सभेत प्रमुख बोलतील, बाई मान डोलावतील, शिष्या पाया पडेल. शिष्येचा आवाज कोवळा आहे, तिला चढी पट्टी सोसते. ऑक्टोबरात आपली साठी, म्हणजे निवृत्ती. तोपर्यंत आठ-नऊ महिने ढकलायचे, शेवटच्या खेळाला फुलं घ्यायची आणि घरी बसायचं. बहिरेपण हे मग म्हाताऱ्याचं साधं बहिरेपण, ते सगळ्यांनाच येतं. आणि बोललो तर? जिंगहूवाल्याचा कान गेला म्हणजे तो सुतार आहे, लाकडाला हात लावणारा. उद्यापासून तालमीत कुणी त्याच्या तोंडाकडेसुद्धा बघणार नाही. त्याला स्वतःचा इतका संताप आला की त्याने कोटावरून तुंब्यावर हात ठेवला आणि क्षणभर तो तळ्यात भिरकावून द्यावा असं वाटलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? तो दिलेल्या थेंबात गात होता.

शी युनफांग रंगपटात एकटीच बसली होती. गळ्याला लोकरीचा मफलर, पुढ्यात गरम पाण्याची बरणी, आणि आरशासमोरच्या डब्या एका पत्र्याच्या पेटीत भरून झालेल्या. तिने आरशातूनच त्याच्याकडे बघितलं. "या, ग्वानदादा. लवकर आलात. पेटी उचलायला?" तिच्या बोलण्यात नेहमीचं हसू नव्हतं. तो म्हणाला की मला जरा बोलायचंय. ती म्हणाली, "काल बोललात की साहेबांशी. कळलं मला. आवाज गेलाय म्हणालात. सव्वीस वर्षांच्या साथीदाराने सांगितलं म्हणजे पुढे विचारायला जागाच नाही." तो दारातच उभा होता. कोटाची बटणं काढावीत की नाही हे त्याला सुचत नव्हतं. तिने वळून सरळ त्याच्याकडे पाहिलं. "मला एकच विचारायचंय, दादा. तोंडावर सांगायला काय झालं होतं? पट्टी कशाला चढवलीत?"

"तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला.

"गळा माझा आहे. मला नाही कळणार तर कुणाला? पहिल्याच तालमीला कळलं. म्हटलं, एखादा दिवस होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग म्हटलं, अच्छा, असं आहे तर. पोरीच्या गळ्याला ही पट्टी मानवते. दादांना आता तिच्याबरोबर वाजवायचंय आणि मला सांगायची लाज वाटतेय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? जरा खाली घ्या हो, मला झेपत नाही म्हणू? तुमच्याकडे भीक मागू?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मेले असते तरी मागितली नसती. रोज घरी जाऊन कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करत होते आणि म्हणत होते, बघू या कोण आधी थकतं."

ग्वानला दोन गोष्टी एकदम वाटल्या, आणि दुसरीची त्याला पुढे कायम शरम वाटत राहिली. पहिली ही की ह्या बाईने तीन महिने, आपण रोज शेजारी बसून तिचा गळा दाबतोय असं समजून, तरीही आपल्याशेजारी उभं राहून गायलं, आणि आपण दिलेला नाशपातीचा काढाही घेतला. आणि दुसरी ही की तिचा समज तसाच राहू द्यावा. त्यात तो नीच ठरत होता, पण कसबी नीच. ज्याला सूर केसाएवढा चढवता येतो आणि तीन महिने तिथेच धरून ठेवता येतो, अशा माणसाचे कान काय तयार असतील. व्यवसायात असे गाजलेले दुष्ट होऊन गेले होते, त्यांच्या गोष्टी लोक चवीने सांगत. त्या खोलीत उभं राहून, क्षणभरच, त्याला बहिरा होण्यापेक्षा दुष्ट होणं परवडत होतं. खोलीत शेगडी होती. उबेने कोटातला किडा जागा झाला आणि गायला लागला, आणि बाईने मान वर केली.

"हाच," ती म्हणाली. "हाच तो सूर. याच सुरावर टांगून ठेवलंत मला. कोटात काय ठेवलंय तुम्ही?"

त्याने तुंबा काढून तिच्यापुढे, रंगाच्या रिकाम्या बशीत ठेवला. मग सांगितलं. बापाची रीत सांगितली, नोव्हेंबरातला थेंब सांगितला, थुंगचा किडा सांगितला, दुकानातली पोरगी सांगितली. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मफलरच्या गोंड्याकडे बघत होता. "मी मुद्दाम नाही केलं, बाई. मला ऐकू येत नाही. वरचं ऐकू येत नाही." हे वाक्य त्याने आजवर मनातही म्हटलं नव्हतं. बाहेर पडल्यावर ते फारच साधं वाटलं.

तिने वाकून तुंब्यात पाहिलं. मग तिने तोंडावर हात घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. त्याला वाटलं रडतेय. ती रडत होतीच, पण हसतही होती. "म्हणजे माझा गळा आहे," ती म्हणाली. "आहे ना, दादा? गेलेला नाही ना?" तो म्हणाला, आहे, अगदी आहे. मग ती उठली, आणि ज्या बाईने भीक मागायला नकार दिला होता तिने त्याच्या कोटाची बाही धरली. ती भराभरा बोलायला लागली. हे कुणाला सांगू नका. आत्ता सभेत मी उभी राहते, म्हणते, एकदा ऐका आणि मग ठरवा. तुम्ही तार उतरवा, मी इथेच आधी लावून देते. मी गाईन. म्हणतील, बाईंना बरं वाटतंय. पुढे मी तुम्हाला खुणेने सांगत जाईन, डोळ्याने, पंख्याने, लोकांना पत्तासुद्धा लागणार नाही. ऑक्टोबरपर्यंत काढू आपण. "सव्वीस वर्षं तुम्ही मला सांभाळलंत, आता नऊ महिने मी," ती म्हणाली. आणि हे तिने इतक्या सरळ मनाने म्हटलं की त्याला मान वर करवेना. बाहेर घंटा झाली.  ती जिंगहूकडे हात करून म्हणाली, आणा, लावून घेऊ. तो म्हणाला की वेळ झाली, चला.

तालमीच्या मोठ्या खोलीत तीसेक माणसं कोट घालूनच बसली होती. प्रमुख उभं राहून कलेवर आणि वयावर बोलत होते, आणि बोलताना कुणाकडे बघायचं टाळत होते. शिष्या खाली मान घालून नखं कुरतडत होती. ग्वान आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसला. बाजूला चंद्रवीणावाला, मागे बासरीवाला, समोर ढोलकीचा म्हातारा. त्याच्या मनात विचार चालू होता तो असा: बाई आत्ता उठतील आणि छान गातील, आणि हे सगळे म्हणतील, आज जमलं. आज जमलं म्हणजे तीन महिने जमत नव्हतं. तीन महिने फाटलेला तो आवाज बाईंच्याच नावावर राहील, या खोलीत, या शहरात, पोरांना गोष्टी सांगताना. तो त्यांचा नव्हता. तो माझा होता, आणि काल मी तो साहेबांच्या सिगारेटच्या धुरात त्यांच्या नावावर चढवून आलो. प्रमुख म्हणाले, "तेव्हा सर्वांच्या विचाराने," आणि तेवढ्यात ग्वान जिंगहू मांडीवर घेऊन, खुर्ची सरकवून, अर्धवट बाईंकडे वळून बसला. प्रमुख थांबले.

"शीबाई," तो म्हणाला, "सूर द्या."

चंद्रवीणावाला फिस्सकन हसला, कारण ही थट्टाच असणार. जिंगहू सूर देते. ती कधी मागत नाही. मग त्याने ग्वानचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू मधेच राहिलं. बासरीवाल्याने हातातली बासरी मांडीवर ठेवली, हळूहळू, काहीतरी समजत गेल्यासारखी. ढोलकीच्या म्हाताऱ्याने नजर खाली वळवली.  शी युनफांगचे डोळे संतापाने भरून आले होते. तिने देऊ केलेले नऊ महिने तो तिच्या हातातून काढून घेत होता. "द्या ना," तो पुन्हा म्हणाला. "मला लागत नाही तो. तीन महिने लागलेला नाही."

तिने मफलर सोडला आणि सूर दिला. तोंड मिटून, नाकातल्या नाकात, तिचा जुना, आरामाचा सूर. ग्वानने खुंटी सैल केली आणि गज ओढला. ती म्हणाली, खाली. त्याने उतरवला. "अजून." त्याने अजून उतरवला, आता तो त्याला ढिला वाटायला लागला होता. "अजून, दादा." तीस माणसांसमोर, शिकाऊ पोराने करावं तसं, तो तिच्या मानेकडे बघत एकेक केस खुंटी फिरवत होता. "बास," ती म्हणाली. त्याच्या कानाला तो सूर साफ चुकीचा वाटत होता, ओला, घसरलेला, लाज आणणारा, आणि त्याचा हात आपणहून खुंटीकडे जाऊ पाहत होता. त्याने हात मागे घेतला, बाईंकडे एकदा पाहिलं, आणि त्या चुकीच्या सुरात वाजवायला सुरुवात केली.